वाकळीची गल्ली

परतूरच्या आमच्या गल्लीत फोटो काढण्यासारखं काय आहे, हे मला दोन वर्षं राहून कधी दिसलं नाही. उघडी नाली, वायरींचं जाळं आणि माझ्या खोलीकडे चढणारा लोखंडी जिना. पण माझी मैत्रीण अंजू पुण्यात बसून जपानी कार्टूनांची चित्रं काढते. एका मालिकेसाठी तिला रेल्वेजवळची एक गल्ली हवी होती; माझ्याकडे आली असताना टिपलेल्या फोटोवरून तिने माझीच काढली, जशीच्या तशी. मला विचारलंसुद्धा नाही शहाणीने.

ती मालिका पोरांना फार आवडली म्हणे. अ‍ॅनिमे म्हणायचं त्याला, कार्टून म्हटलं की पोरं चिडतात. दिवाळीपासून जालन्याहून, संभाजीनगरहून पोरंपोरी यायला लागली. मोबाईलवरचं चित्र समोर धरायचं, गल्लीशी जुळलं की किंचाळायचं. मला हसू यायचं. मग आकांक्षा नावाच्या कॉलेजच्या मुलीने मला ते चित्र दाखवलं आणि मी तिच्या हातातला मोबाईलच ओढून घेतला.

चित्रात जिन्याच्या कठड्यावर माझी वाकळ वाळत होती. हिरव्या लुगड्याचा तुकडा, त्याचा जरीचा काठ, मधोमध लाल चांदणी.

"ताई, ती गोधडी परत टाका ना कठड्यावर. तिच्याशिवाय फ्रेम जुळत नाही."

"तुझी फ्रेम गेली खड्ड्यात!" मी ओरडले. बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

बाजारातली चादर कुणाचीही असू शकते. वाकळीत कुणाचं लुगडं आणि कुणाचं धोतर गेलंय, हे घरातल्यांना पाठ असतं. ही माझ्या सासूने, साळूबाईंनी, आपलं लग्नातलं लुगडं फाडून शिवलेली. घनसावंगीकडच्या सासरहून मी पळाले तेव्हा हात मोडलेला होता आणि तो झाकायला हीच हाताशी लागली. "जिथं घावशील तिथं गाडीन," असं माझा नवरा कल्याण म्हणाला होता. तो बोलल्याप्रमाणे करतो.

वाकळ मी पेटीत घातली. पण चित्र कुठल्या पेटीत घालणार? टेलरच्या दुकानात कामाला बसले की सुई बोटात जायची. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली की मी दाराआड व्हायची.

रविवारी दुपारी जिना वाजला. मी कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिले.

"शीतल, मी हाये. एकटीच हाये."

सासूचा आवाज. दार उघडलं, तर त्या धापा टाकत होत्या.

"पुतण्याच्या मोबाईलात पाह्यलं कल्याणनं, खाली परतूरचं नावबी व्हतं. 'ही आपली वाकळ दिसती' म्हणला. म्या म्हणलं, असली लुगडी ढिगानं मिळतेत. पण त्याला न्हाई पटलं. जीप सांगून राह्यल्ता, तवा मी पहिल्या बसनं निघाले. जल्दी कर, गाडीची येळ झाली."

मी पिशवी भरली. घाईत कपडे खाली पडत होते. त्या मात्र पेटीतली वाकळ काढून बाहेर कठड्यावर पसरत होत्या.

"आत्याबाई, काय करताय!"

"त्याला दिसू दे. दिसली का तो वर यील. मी इथं बसते. न्हाईतर तो गल्लीत इचारील अन् लोक त्याला बराबर टेसनवर धाडतीन."

"तुम्हीपण चला ना. मारील तो तुम्हाला."

खाली आकांक्षा आणि तिच्यासोबतची पोरं वाकळ पाहून ओरडली. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. साळूबाईंनी वाकून त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर खोचून उंबऱ्यात बसल्या.

"घरी मारतो, तवा कोन पाहतं? इथं एवढे पाहनारे तरी हायेत. जाय तू."