कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?

दुकानात मूल आलं की मी त्याला कधीच विचारत नाही, 'तुला काय वाचायला आवडतं?' या प्रश्नावर मुलं आईकडे बघतात आणि आई स्वतःची आवड सांगते. मी विचारते, 'कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस? आणि कुठे?' एवढं कळलं की पुढचं माझं काम. राक्षस येण्याआधीच सोडलं असेल तर वेगळं पुस्तक, राक्षस आल्यावर सोडलं असेल तर वेगळं.

माझा दुसरा नियम म्हणजे पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं नाही. ते जवळच्या स्टुलावर ठेवायचं आणि आपण पाठ फिरवून कपाट आवरायला लागायचं. हातात दिलेलं पुस्तक मुलांना औषधासारखं वाटतं. स्टुलावरचं ती आपणहून उचलतात आणि 'मला सापडलं' म्हणत घरी नेतात. नेऊ दे बापडी. श्रेय घेऊन मला काय लोणचं घालायचंय?

आमच्या दुकानाचा मुलांचा कोपरा माझ्याकडे आहे. डाव्या कपाटात जादूच्या कादंबऱ्या, उजव्या कपाटात देशोदेशीच्या माणसांची पुस्तकं: कोण कसल्या घरात राहतं, काय घालतं, अंगणात काय खेळतं. मध्ये माझं ते स्टूल. कुठलंही मूल आणा, मी त्याला पुस्तक शोधून देईन, असा माझा दावा आहे. मालक म्हणतात, बाई फार टेंभा मिरवतात. मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते.

तर अशी मी, आणि माझ्या मुलाने उशिरा का होईना लग्न केलं. सुनेचा पहिला नवरा आजारपणात गेलेला. तिला नऊ वर्षांची मुलगी, तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण अंगाने बारीक आणि सतत काहीतरी उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत असते. मुंगी वाचते, असं मला लग्नाआधीच कळलं होतं. आयती नात, आणि तीही वाचणारी! मी हरखून गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नातवंडांना पुस्तकं विकली, आता घरात एक हक्काचं गिऱ्हाईक. तिने मला आजी म्हणावं, एवढं एकच मला हवं होतं. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

मुंगी मला काहीच म्हणायची नाही. दारात येऊन भिंतीकडे बघत सांगायची, "चहा झालाय." किंवा, "आई बोलावतेय." उद्धटपणा नाही, रुसवा नाही, वागणं अगदी सरळ. पण पाहुणी राहावी तशी राहायची. तिच्यासाठी आम्ही अख्खं कपाट रिकामं केलं होतं. ती मात्र कपडे पलंगाखालच्या सुटकेसमधून काढायची आणि धुऊन वाळले की घडी करून पुन्हा सुटकेसमध्ये ठेवायची. कपाटात नुसते हँगर लटकत होते. ते बघून माझ्या मुलाचा चेहरा पडायचा. माझाही पडायचा, पण मी तो लगेच उचलून जागेवर ठेवत असे.

मला दुसरं काय येतं? मी पुस्तक आणलं. आणि इतक्या वर्षांची अक्कल गहाण टाकून सरळ तिच्या हातात दिलं. वर म्हटलं, "वाच हं, फार छान आहे." असं म्हणणाऱ्या आज्यांकडे बघून मी दुकानात मनातल्या मनात कपाळावर हात मारते.

पुस्तक होतं दीपगृहात राहून वारा बरण्यांमध्ये भरून ठेवणाऱ्या मुलीचं. माझं लाडकं. दोन दिवसांनी विचारलं, "वाचलंस?"

"वाचतेय," मुंगी म्हणाली.

मग मी चालणाऱ्या जंगलाची कादंबरी आणली. मग बोलणाऱ्या पुलाची. सून मला हळूच म्हणाली, "आई, तिला जरा वेळ द्या ना."

"मी कुठे घाई करतेय?" मी म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी चौथी आणली.

मुंगीने चारही पुस्तकं टेबलाच्या कोपऱ्यात कडेला कड लावून ठेवली होती. प्रत्येक वेळी 'थँक यू' म्हणाली होती. त्या थँक यूने मला जास्तच लागायचं. आवडलं नाही म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

एका सकाळी तिची खोली झाडताना माझं लक्ष त्या ढिगाकडे गेलं. आमच्या दुकानात प्रत्येक पुस्तकाबरोबर खुणेची रंगीत पट्टी देतात. चारही पट्ट्या सुरुवातीलाच, बोटभरही पानं न उलटता खोवलेल्या. मी पहिलं पुस्तक उघडलं. मुलीचा बाप वादळात होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. दुसरं उघडलं. लाकूडतोड्या बाप जंगलाबरोबर नाहीसा होतो. तिसऱ्यात पूल बांधणारा बाप पुलावरून पडतो. चौथ्यातला तर पहिल्या ओळीतच मेलेला, मुंगी तिथे तीन पानं तरी कशी टिकली कोण जाणे.

मी हातातला झाडू खाली ठेवून तिच्या पलंगावर बसले.

ही पुस्तकं मी इतक्यांदा विकली होती, आणि हे बाप मला कधी दिसलेच नव्हते. मला ती नुसती सुरुवात वाटायची. मुलं कंटाळली की मी सांगायची, जरा दम धर, पुढे मजा आहे. आमचे हे गेले तेव्हा मी वाचन एक दिवसही थांबवलं नव्हतं. उलट अधाशासारखी वाचत सुटले होते. म्हणून मला कळलं नसेल. पण माझा तो एक प्रश्न, जो मी रस्त्यावरच्या कुणाच्याही पोराला विचारते, तो मी माझ्या घरातल्या पोरीला विचारला नव्हता, आणि बापाविना राहिलेल्या मुलीच्या हातात एकामागून एक चार मेलेले बाप ठेवले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खोली अर्धीच झाडून मी उठले.

दुकानात गेल्या गेल्या डावं कपाट उपसायला काढलं. मालक चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.

"काय हरवलं बाई?"

"आईबाप जिवंत असलेली जादूची कादंबरी शोधतेय. नऊ वर्षांच्या मुलीसाठी."

"आईबाप जिवंत?" मालक हसले. "अहो, मग त्या पोराला घराबाहेर पडू कोण देणार? आईबाप धडधाकट असले की पोरं वेळेवर जेवून झोपतात. ड्रॅगनशी लढायला जायची त्यांची काय बिशाद?"

मालकांनी हसण्यावारी नेलं, पण खरंच होतं ते. दुपारपर्यंत मला एकच सापडली. त्यात सशाची टोपी हरवते आणि सशाचे आईबाबा ती शोधून देतात. मुंगीने ती वाचून मला आणखी एकदा थँक यू म्हटलं असतं.

हात टेकून मी स्टुलावर बसले, तेव्हा समोर उजवं कपाट होतं. त्यातलं एक जाडजूड पुस्तक मी उचललं. निरनिराळ्या देशांतली घरं, आणि प्रत्येक घरासमोर त्या घरची माणसं. दगडी घरं, खांबांवरची घरं, पाण्यावर तरंगणारी घरं. कुणी मरत नाही, कुणी हरवत नाही, सगळे आपापल्या दारात उभे. जादू नाही, गोष्ट नाही. पण निदान सगळी जिवंत.

या वेळी मी शहाण्यासारखं वागले. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ते पुस्तक ठेवलं आणि भांडी घासायला लागले. जरा वेळाने मागे पावलं वाजली, थांबली, निघून गेली. वळून बघितलं तर स्टूल रिकामं होतं.

पुढे कित्येक दिवस ते पुस्तक घरभर फिरत होतं. कधी जेवणाच्या टेबलावर, कधी मुंगीच्या मांडीवर, कधी जमिनीवर उघडं आणि मुंगी त्याच्यासमोर पालथी. मी काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईने गप्प बसायचं म्हणजे काय असतं, ते माझ्या मुलाला विचारा. एकदा तर त्याने मला ताप आलाय का बघितलं.

मग एका दुपारी मुलगा आणि सून कामावर गेलेले असताना मुंगी पुस्तक उघडं धरून स्वयंपाकघरात आली.

"यांच्याकडे एक खुर्ची रिकामी आहे," ती म्हणाली. या वेळी भिंतीला नाही, मला.

मी हात पुसून बघितलं. निळ्या दाराचं घर. समोर एका ओळीत मांडलेल्या खुर्च्यांवर आजीआजोबा, आई, दोन मुलं. आणि टोकाला एक खुर्ची, तिच्यावर कुणीच नाही. हे पुस्तक मी किती लोकांना उघडून दाखवलंय, पण ती खुर्ची काही मला दिसली नव्हती.

"कुणाची असेल?" मी विचारलं. गोष्ट रचून सांगता आली असती, माझं पोटच त्यावर चालतं. पण म्हटलं, "मला नाही माहीत."

"मला माहितीये. जो फोटो काढतोय ना, त्याची." मुंगीने पानावर बोट ठेवलं. "बघा ना, सगळे त्याच्याकडे बघून हसतायत. अनोळखी माणसाकडे बघून कुणी इतकं हसत नाही. आणि हा छोटा हात करतोय, लवकर या म्हणून."

फोटो काढणाऱ्याचं नाव पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि तो बहुधा प्रकाशकाने पाठवलेला कुणीतरी असतो, हे मला ठाऊक होतं. पण पुन्हा फोटोकडे बघितलं, तर तो छोटा खरंच कुणाला तरी बोलावत होता.

मुंगी खोलीत गेली. सुटकेसची चेन वाजली. ती एक पाकीट घेऊन आली आणि त्यातले फोटो टेबलावर मांडायला लागली. मुंगी आणि तिची आई तळ्याकाठी. मुंगी सायकलवर. सून एकटीच, डोळे मिटून खो खो हसताना.

"आमच्याकडे पण असंच आहे," ती म्हणाली. "बाबा एकाही फोटोत नाहीत. फोटो तेच काढायचे. इथे ते माकडासारखं तोंड करत होते, म्हणून आई अशी हसतेय. आई म्हणते, त्यांचा एकही धड फोटो नाही आपल्याकडे."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला आधी तसंच वाटायचं." तिने निळ्या दाराचं पान तळ्याकाठच्या फोटोशेजारी सरकवलं. "आता वाटतं, हे सगळे त्यांचेच आहेत."

तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं, पण हातात दिलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी शिकले होते. मी फक्त शेजारची खुर्ची ओढून बसले. आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला.

"मुंगी, कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?"

"चारही."

"कुठे?"

"माहितीये तुम्हाला. पट्ट्या हलल्या होत्या."

चोरी पकडली गेली. मी मान डोलावली. "चुकलंच माझं. मी आधी विचारायला हवं होतं."

मुंगी टेबलावरचे फोटो उगाचच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "त्या बरण्यांतल्या वाऱ्याचं पुढे काय होतं?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. पण ते देताना आज माझा आवाज जरा खाली गेला. "वाचल्याशिवाय नाही कळायचं."

तिने विचार केला. मग आत गेली आणि दीपगृहाचं पुस्तक घेऊन आली. ते तिने माझ्या हातात दिलं नाही. टेबलावर, माझ्या कोपराजवळ ठेवलं.

"ते पान तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने. पुढचं मी वाचीन."

मी पट्टी काढली आणि वाचायला लागले. बाप शेवटच्या बरणीचं झाकण घट्ट लावतो. मुलीला सांगतो, मी येईपर्यंत दिवा विझू देऊ नकोस. सकाळी काठाला दोर असतो, होडी नसते. कितीतरी मुलांना हे पुस्तक दिलं, पण हे पान मी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. मोठ्याने वाचताना एकही शब्द गाळता येत नाही. दोरापर्यंत आले आणि अक्षरं पुसट झाली. मुलगी काठावर उभी राहून वाट बघते, अशी एकच ओळ उरली होती, ती मी डोळे पुसत, अडखळत कशीबशी वाचली. पान संपलं आणि मी तशीच बसून राहिले.

मुंगीने खुर्ची माझ्या खुर्चीला लागेल इतकी जवळ सरकवली.

"आजी," ती म्हणाली, "पान उलटा."

मी उलटलं.