बगळ्याची पिसं

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. जपानी लाकडी ठशांच्या चित्राचा उजवा अर्धा भाग. माझा थरकाप अजून गेलेला नाही, तेव्हा सांगताना अडखळलो तर समजून घ्या.

सव्वाशे वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कारागिराने चेरीच्या लाकडावर बगळ्यांची जोडी कोरली. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ओलसर कागद ठशावर ठेवून तो पाठीमागून हाताने घासायचा. शेवटचा ठसा त्याने रंग न लावताच दाबला आणि बगळ्यांच्या अंगावर पांढरी पिसं उठली. एक बगळा माझ्यावर, दुसरा माझ्या भावावर, म्हणजे डाव्या कागदावर. समोरून ती पिसं दिसत नाहीत, उजेड बाजूने आला तरच दिसतात. मला त्यांचा भारी तोरा होता.

अबू धाबीत आम्ही एका जपानी इंजिनियरच्या सामानातून आलो. निवृत्त होऊन परत जाताना त्याने आम्हाला आपल्या ऑफिसातल्या धनंजय यांच्या हाती सोपवलं. जपून ठेवीन, असं धनंजयनी कबूल केलं. माणूस शब्दाचा पक्का. पण त्यांच्या घरी जपणं म्हणजे लॅमिनेशन. दहावीची मार्कलिस्ट, मुलीचा जन्मदाखला, सगळं प्लास्टिकमध्ये बंद.

एका शनिवारी ते आम्हाला मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घराजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये घेऊन गेले. व्हिसाचे फॉर्म भरून देणारं ते दुकान, कोपऱ्यात लॅमिनेशनचं मशीन. तिथल्या मुनीरने भावावरून बोट फिरवलं.

"सर, बहुत पुराना है. पक्का करना है?"

"एकदम पक्का, हबीबी. खराब नहीं होना चाहिए."

भाऊ तापलेल्या रुळांमध्ये शिरला. मी काउंटरवर पडून पाहत होतो. दुसऱ्या बाजूने तो बाहेर आला तेव्हा चकचकीत होता, ताठ होता आणि त्याच्या अंगावर एकही पीस उरलं नव्हतं. मुनीरने मला उचललं, खण उघडला आणि म्हणाला की प्लास्टिकची मोठी पाकिटं खलास झाली, उद्या या. केवळ तेवढ्यामुळे मी वाचलो.

घरी त्यांच्या नववीतल्या मुलीने, केयाने, भावाला उचलून उजेडात तिरका धरला. "बाबा, व्हॉट डिड यू डू?" धनंजयना काही उमगेना. दुसऱ्या दिवशी ती त्यांना आमच्यासकट एका संग्रहालयात घेऊन गेली. तिथे जपानी ठशांच्या चित्रांचं दालन आहे, मंद उजेडाचं. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या नबिलाने मला टेबलावर ठेवून बाजूने छोटा दिवा धरला. पिसं एकेक करून वर आली. धनंजय ती पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्यांनी हळूच भावाकडे बोट केलं. नबिलाने दिवा फिरवला. नुसतं प्लास्टिक चमकलं. प्लास्टिकचा डिंक वितळून कागदात मुरला आहे, तो आता निघणार नाही, असं तिने सांगितलं.

"मला वाटलं, आता त्याला काहीच होणार नाही," धनंजय म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला पाहायचं असेल तर अशा मंद दालनात जा, थोडं वाका आणि बाजूने पाहा. आणि जुनं काही हाती आलं तर जपण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.

मी आता कपाटात सपाट निजतो. भाऊ हॉलच्या भिंतीवर आहे. पाहुणे म्हणतात, किती छान ठेवलंय, अगदी नव्यासारखं. तेव्हा धनंजय चहाचं निमित्त काढून आत निघून जातात.