पाठ लागली की सोडायचं

आमच्या तालमीत पहिल्या दिवशी एकच नियम शिकवतात. समोरच्याची पाठ मातीला लागली की त्याला लगेच सोडायचं, हात द्यायचा, उठवायचं. पडलेल्यावर बसून राहतो तो पहिलवान नव्हे. मला हे अब्बांनी अकोल्याच्या जुन्या शहरात शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. मातीत गुण नसतात, घड्याळ नसतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाठ टेकली तरी टेकली, कुस्ती संपली.

मी जैनुद्दीन. तेल्हाऱ्यात तीस वर्षं तालीम चालवतो. दामिनी ही सूर्यभानची मुलगी. नऊ वर्षांची असताना भावाच्या मागे मागे तालमीत आली. भाऊ दोन महिन्यांत पळाला, ही टिकली. जत्रेच्या दंगलींत तिने पार परतवाड्यापर्यंतच्या पोरी चीत केल्या. पण जत्रेतल्या टाळ्यांवर पोट भरत नाही. यंदा अमरावतीला निवड चाचणी होती. निवड झाली तर राहणं, जेवण, कॉलेज, सराव सगळं सरकारी वसतिगृहात. नाही झाली तर नांदगाव पेठेत मावशीकडे राहून सूतगिरणीत कामाला जायचं. सूर्यभानने तिला हे तोंडावर सांगून ठेवलं होतं, आणि तो बोलला की बोलला.

चाचणी गादीवर होती. अमरावतीचे देवीदास सर पोरांना गादीवरची कुस्ती शिकवतात. ते मुद्दाम माझ्या घरी आले. म्हणाले, महिनाभर पोरगी माझ्याकडे पाठवा. गादीवर नुसती पाठ टेकवून भागत नाही, दोन्ही खांदे दाबून धरावे लागतात. पंच हाताने गादी थोपटत नाही तोवर कुस्ती चालूच असते.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. मागे मी पंचांच्या शिबिरात बसलो होतो आणि दुसऱ्याच दिवशी उठून आलो. तिशीतला एक पोरगा मला कुस्ती म्हणजे काय ते समजावत होता. देवीदास सरांना मी सांगितलं, माझी पोरगी पाठ लावते, मग खाली गादी असो की फरशी. खरं कारण वेगळं होतं. महिनाभरात ती त्यांची शिष्या झाली असती आणि पेपरात नाव त्यांचं आलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझं तर सुंभही अजून शाबूत होतं. बरं, दाबून धरायचं मी एका संध्याकाळी शिकवलं असतं. पडलेल्याला दाब, हे माझ्या तोंडून निघेना.

शेवटच्या कुस्तीत दुसऱ्याच मिनिटाला दामिनीने धोबीपछाड टाकली. समोरची पोरगी खांद्यावरून गेली ती सपशेल पाठीवर. मी खुर्चीवरून उठलो, शेजारच्याने माझा हात हातात घेतला. दामिनीने तिला सोडलं, उभी राहिली आणि उठवायला हात पुढे केला.

पंचाने गादी थोपटलीच नव्हती.

त्या पोरीने पुढे आलेला हात धरला, खेचला, दामिनीला खाली घेतली आणि छातीवर पडून राहिली. पंचाने गादी थोपटली. त्या पोरीचं काही चुकलं नाही. तिला तिच्या उस्तादाने तिचा नियम शिकवला होता. शेजारच्याने माझा हात कधी सोडला ते मला कळलं नाही.

मी पंचाशी भांडलो. वय झाल्यावर माणसाला तेवढंच जमतं.

परतीच्या एसटीत अकोट मागे पडलं. मग दामिनी खिडकीकडे बघतच म्हणाली, "पाठ लागली होती न, उस्ताद. मंग कुस्ती मले काहून नाई देल्ली? तुमाले माईत होतं का हे?"

माझ्याजवळ खरं सांगायला तेल्हाऱ्यापर्यंतचा रस्ता होता.

"नाई बेटा," मी म्हणालो. "नवा नियम हाये. आमाले कोनं सांगतलंच नाई."

तिने मान हलवली. तिला माझं खरं वाटलं, कारण नऊ वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

तिच्या घरी सूर्यभान ओसरीवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की बातमी आधी पोचली आहे. त्याने माझ्याकडे बघून विचारलं की इतकी वर्षं पोरीला शिकवलं ते काय? मी तोंड उघडायच्या आत दामिनी मध्ये पडली.

"उस्तादले काई म्हनू नका, बाबा. त्याईले बी माईत नोतं."

सूर्यभान वरमला. जाऊ द्या म्हणाला, नियमच बदलले तर तुमी तरी काय करसान. दामिनीच्या आईने, पार्वताबाईने, मला चहा आणून दिला. चहा गोड होता आणि मी तो पूर्ण प्यायलो.

सोमवारी दामिनी नांदगाव पेठेला निघाली. एसटीत चढण्याआधी पिशवी खाली ठेवून ती माझ्या पाया पडली. पाय मागे घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत.