दुसरे टोक

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. खरे सांगायचे तर निम्मीच आहे. उरलेली निम्मी कुठे गेली तेही सांगते, पण आधी माझे चांगले दिवस ऐकून घ्या. तेवढेच मला बरे वाटेल.

मला गावच्या सुताराने घडवले. सागाचे दोन लांब वासे आणि मध्ये बाभळीच्या पायऱ्या. गावात चिकूच्या बागा होत्या. झाडे जुनी, उंच. शेंड्याची फळे खुडायची तर माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. मी इतकी जड होते की मला हलवायला दोघे लागायचे. या वजनाची मला तेव्हा लाज वाटे.

मी कुणा एकाची नव्हते. सगळ्या बागवाल्यांनी मिळून मला करून घेतले होते. ज्याची तोडणी संपे, तो पुढच्या बागवाल्याच्या दारात जाऊन हाक मारी, "चल रे, शिडी न्यायची." मग एक टोक याच्या खांद्यावर, दुसरे त्याच्या. मला मागायला मात्र कुणी कधी जात नसे. मागायला जाणे म्हणजे ‘तुझे अजून आटपले नाही का’ असे तोंडावर म्हणणे, आणि ते कुणाला खपत नसे.

खालच्या बागेच्या अण्णांनंतर वरच्या बागेच्या तात्यांची पाळी असायची. दोघे लहानपणापासूनचे सोबती. चढावर तात्यांना धाप लागायची.

"अरे हळू चाल ना. मी काय बैल आहे?"

"बैल असतास तर एव्हाना पोचलो असतो," अण्णा पुढून म्हणायचे.

तात्या वर चढले की अण्णा माझा पाय दाबून धरून उभे राहत. स्वतःच्या बागेतली कामे खोळंबली तरी जागचे हलत नसत. माझ्यावरून कधी कुणी पडले नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

मग पक्का रस्ता झाला आणि व्यापारी आला. तो झाडावरची फळे झाडावरच विकत घेई. माणसे त्याची, ट्रक त्याचा, शिड्याही त्याच्याच; घडी घालून काखेत मारता येतील अशा हलक्या. अण्णांचे गुडघे दुखत होते. त्यांनी बाग व्यापाऱ्याला दिली. यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

चुकले ते पुढे. त्या हंगामात मी अण्णांच्या गोठ्याला टेकून पडले होते. व्यापाऱ्याची माणसे आली आणि फळे उतरवून गेली. अण्णांनी स्वतः एक फळ खुडले नव्हते, त्यामुळे आपली तोडणी संपली, आता तात्याला हाक मारायची, हे त्यांच्या मनातच आले नाही. आणि तात्या? ते वाट पाहत बसले.

रोज सकाळी ते गोठ्यावरून जात. मला पाहत आणि पुढे निघून जात. एकदा त्यांच्या घरच्या काकू सोबत होत्या.

"अहो, घेऊन चला ना ती शिडी. फळं गळायला लागलीत."

"मी मागू? आजवर कुणी मागितलीय?" तात्या फणकारले. "त्याला कळत नाही?"

त्याच दुपारी अण्णा ओट्यावर बसून लेकाला सांगत होते, "तात्याला हवी असती तर बोलला असता. त्यानंही दिली असेल बाग व्यापाऱ्याला."

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण शिडीला पायऱ्या असतात, तोंड नसते. थोड्याच दिवसांत वरच्या बागेकडून सडलेल्या चिकूंचा आंबूस वास येऊ लागला. तो अण्णांनाही आला असणार. ते उठले नाहीत. आता गेलो तर काय तोंडाने जायचे, असे त्यांना वाटले असेल. मी मात्र त्यांना माफ केलेले नाही.

पुढच्या वर्षी तात्यांनीही बाग व्यापाऱ्याला दिली. सगळे गाव मुठीत आल्यावर व्यापाऱ्याने भाव पाडला. दोघे मिळून त्याला चार शब्द सुनावू शकले असते, पण दोघांत बोलणेच उरले नव्हते. शेवटी तात्यांनी बाग विकली. घेतली कुणी? अण्णांच्या लेकाने. तिथे आता शहरातले पाहुणे मुक्कामाला येतात, झाडाखाली खाटेवर पडतात आणि गाव किती छान म्हणतात.

भिंतीला शोभेसाठी मी हवी होते, पण लांब पडले. लेकाने करवत मागवली. माझा वरचा भाग पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी तापवण्यात जळला. उरलेल्या पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांना पाणी घालायला माळी ठेवला आहे. ते तात्या.

परवा पाहुण्यांच्या एका मुलीने त्यांना विचारले, "आजोबा, ही शिडी एवढीशीच का?"

तात्यांनी झारी खाली ठेवली. "एकट्याला उचलता यावी म्हणून."

अण्णा पलीकडे खुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणणार नाही. चकचकीत मी आहेच. शेजाऱ्याच्या दारात माझ्यासारखे काही जड पडले असेल, तर त्याच्या हाकेची वाट पाहू नका. जा आणि एक टोक उचला. दुसरे उचलायला तो येईल की नाही, ते मात्र मला सांगता येणार नाही.