'नको' म्हटल्यानंतर आलेला मेल

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत नीलम कामाला होती. वेगवेगळ्या संस्थांचे मेल हजारो लोकांना पाठवायचे आणि ज्यांनी 'नको' कळवलं त्यांची नावं यादीतून काढायची, हे तिचं काम. एकदा नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा एक ओळही जाता कामा नये, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायची.

त्या मंगळवारी एका महिला समुपदेशन केंद्राचा मेल अकराला गेला. नीलमने सहज आकडा बघितला, तर चारशे जण जास्त. मालक अनिरुद्ध सरांना विचारलं, तर म्हणाले, यादी फारच लहान दिसत होती, म्हणून सकाळी जुनी जोडून टाकली.

जुन्या यादीत नको म्हणणारेही होते. तिने एकच नाव शोधलं. सुलक्षणा. चार महिन्यांपूर्वी या बाईने लिहिलं होतं, 'इथे काही पाठवू नका. हे मेल माझे मिस्टर बघतात.' आणि आजच्या मेलची सुरुवात होती, 'सुलक्षणाताई, घरात मार सहन करू नका.'

गेलेला मेल परत घेता येत नाही. नीलमने केंद्राच्या रश्मीताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सुलक्षणाकडे स्वतःचा फोन नाही, पण ती मरोळलाच, खोके बनवायच्या युनिटमध्ये असते. "मला मुलुंडहून यायला तास लागेल. तू जा, आत्ता."

नीलम धावतच गेली. मेल पाठवण्याआधी आपण यादी एकदा बघितली असती तर, एवढंच डोक्यात. युनिटच्या दारात तिने सुलक्षणाचं नाव सांगितलं, तशी पस्तिशीची एक बारकीशी बाई बाहेर आली. नीलमने सगळं सांगितलं, चूक आमची आहे हेही. सुलक्षणाने हातातला पुठ्ठा हळूच खाली ठेवला.

"मेल नवऱ्याच्या फोनवर येतात. तो वॉचमन आहे. ड्युटीवर फोन गेटवर जमा करतात," ती म्हणाली. "तीनला सुटतो."

सव्वाबारा वाजले होते. घरी कपडे, कागदपत्रं घ्यायला जायचं तिने मनातही आणलं नाही. चाळीत त्याचा भाऊ असतो. दोघी सरळ शाळेत गेल्या, मुलीला घेतलं. रश्मीताई येईपर्यंत एका झेरॉक्सच्या दुकानात आत दडून बसल्या. बाहेर मोटारसायकल थांबली की सुलक्षणा मुलीचं डोकं छातीशी दाबून धरायची. मुलगी काही विचारत नव्हती, नीलमला त्याचीच जास्त भीती वाटली.

रश्मीताई त्यांना घेऊन गेल्या. तीन वीसला नीलमच्या कॉम्प्युटरवर त्या मेलला उत्तर आलं, 'कुठे आहे ती?' मग दुसरं. पाचपर्यंत अकरा उत्तरं आली. शेवटच्यात फक्त कंपनीचा पत्ता होता. तो मेलच्या तळाशी छापावाच लागतो. अनिरुद्ध सरांनी ते वाचलं, उठून दाराला आतून कडी घातली आणि जुनी यादी तिच्यासमोर पुसून टाकली.

तो आला नाही. रश्मीताईंनी ती उत्तरं पोलिसांत दिली, त्यांनी त्याला बोलावून घेतलं. सुलक्षणा मुलुंडला केंद्राच्या आसऱ्याला राहिली.

महिन्याने नीलम तिला भेटायला गेली, माफी मागायला. सुलक्षणाने चहा दिला.

"निघायचं होतंच गं," ती म्हणाली. "पण मुलीची परीक्षा झाल्यावर. कागद हळूहळू बाहेर काढत होते. दिवस मी ठरवणार होते."