मेटोच्या दुकानातली उंच खुर्ची

मित्रांनो, तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा आपले आपण बसता. माझ्यात बसणाऱ्याला मात्र कोणीतरी उचलून बसवावे लागते. टेबलाएवढी उंची, पुढे ताट ठेवायला फळी, खाली पाय टेकायला आडवी दांडी आणि कमरेला बांधायला पट्टा, अशी मी लहान मुलांची लाकडी खुर्ची. अठ्ठावीस वर्षे झाली, मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावी मेटोच्या हॉट डॉगच्या दुकानात मी उभी आहे.

ग्रँड रॅपिड्सच्या एका कारखान्यात मेपलच्या लाकडापासून मला घडवले. रोगण लावण्याआधी एक बाई माझ्या सगळ्या कडांवरून तळहात फिरवत असे. कुठे कुसळ लागले की पुन्हा पॉलिशपेपर घाशी. शेजारणीने "पुरे की गं" म्हटले, तर ती म्हणायची, "तुझ्या नाही, पोरांच्या मांड्यांना टोचणार आहे ते." तिचे नाव मला कळले नाही. पण माझ्या आयुष्यात माझी एवढी काळजी नंतर कोणी घेतली नाही, हे मला सांगितलेच पाहिजे.

मेटोचे दुकान त्याच्या वडिलांनी मॅसेडोनियाहून येऊन थाटले होते. लांब काउंटर, सहा टेबले आणि रस्त्याकडच्या खिडकीला लागून तवा. वाफेवर मऊ केलेला पाव, त्यात सॉसेज, वर पातळसर खिमा, मोहरीची चटणी आणि मूठभर चिरलेला कांदा. आमच्याकडे त्याला कोनी म्हणतात. लोखंड ओतायच्या फौंड्रीतले कामगार उभ्याउभ्या तीन-तीन कोनी खाऊन जात. शनिवारी मात्र माणसे लेकराबाळांना घेऊन येत आणि मग माझ्यासाठी रांग लागे.

वाढायचे काम लोरेटा करी. साठीला टेकलेली, जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन्सिल. गिऱ्हाइकाला ती 'राजा' म्हणे आणि त्याच दमात त्याची फिरकीही घेई. मुलांचे ताट ती स्वतः मांडायची. त्यात खिमा नसे, कांदा नसे. नुसते सॉसेज ती काउंटरवर सुरीने कापून आणी, छान गोल गोल चकत्या. मुलांना त्या चिमटीत धरता येत, एकावर एक रचता येत. वीस वर्षे ती असेच कापत होती आणि कोणाला त्यात काही वावगे दिसले नव्हते. मलाही नाही.

माझ्या पट्ट्याचे बक्कल मात्र हळूहळू बिघडत चालले होते. दूध, केचप, सरबत त्यात सांडे आणि वाळून बसे. उघडताना दोन-तीन झटके द्यावे लागत.

"मेटो, हे बक्कल बदल रे," लोरेटा म्हणे.

"बदलतो की," तव्यावरून मान न वळवता मेटो म्हणे. असे ते दोन वर्षे चालले होते.

माझ्यात बसलेल्या शेकडो मुलांपैकी एकीचीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. तिचे नाव पर्ल. वय अडीच वर्षे. तिला दर शनिवारी अकरा वाजता तिचे आजोबा घेऊन येत. हर्शेलआजोबांनी फौंड्रीत चौतीस वर्षे दुसऱ्या पाळीत काम केले होते. त्यांची मुलगी जोनेल शाळेतून घरी येई तेव्हा ते कामावर निघालेले असत आणि ते परतत तेव्हा ती झोपलेली असे. आता जोनेल इस्पितळाच्या धोबीखान्यात शनिवारचीही पाळी करी, म्हणून नात आजोबांकडे सोपवलेली होती. वारलेल्या बायकोचेच नाव नातीला ठेवलेले, त्यामुळे तिला हाक मारताना त्यांचा आवाज थोडा खाली येत असे.

"काय म्हातारबुवा, पोरीला तुम्ही आणलंत की पोरीने तुम्हाला?" लोरेटा दारातच विचारी.

"तिनेच आणलं. मला रस्ता कुठे ठाऊक!"

पर्ल खाताना टाचांनी माझ्या दांडीवर ठोके देई. ठक-ठक, ठक-ठक. खाणे आवडले की ठोके जलद पडत. माझ्या अंगात ते ठोके असे मुरले होते की शनिवार उजाडला की मी त्यांची वाट बघे.

नोव्हेंबरमधला तो शनिवार. दुकान भरलेले होते. पर्लच्या ताटात चकत्या होत्या आणि ती खात होती. मागच्या टेबलावरून फौंड्रीतल्या एका जुन्या सोबत्याने हर्शेलआजोबांना हाक मारली. आजोबा वळले. खुर्चीवरच कंबर फिरवून, पाठ पर्लकडे करून, त्यांनी हसत हसत काहीतरी सांगायला सुरुवात केली. फार वेळ नाही. मिनिटभर असेल.

ठोके थांबले.

मग एकदम जोरात सुरू झाले, वेडेवाकडे, ताल सोडून. पण तोंडातून आवाज नाही. मित्रांनो, गुदमरणारे मूल ओरडत नाही. खोकतसुद्धा नाही. मोठी माणसे आरडाओरड ऐकली की धावून येतात. इथे ऐकण्यासारखे काहीच नव्हते. पर्लचे डोळे मोठे झाले होते, ओठ निळसर पडू लागले होते आणि तिचे दोन्ही हात माझी फळी घट्ट धरून होते. तिच्या शेजारी दीड हातावर तिच्या आजोबांची पाठ हसण्याने हलत होती.

कॉफीचे भांडे घेऊन येणाऱ्या लोरेटाने ते पाहिले. भांडे तिच्या हातातून सुटले. ती झेपावली आणि तिने माझे बक्कल ओढले. ते उघडेना. पुन्हा ओढले. तरी उघडेना.

त्या क्षणी मला माझी लाज वाटली. पडू नये म्हणून मी पोरांना धरून ठेवते, हेच माझे काम. आणि आता सोडायच्या वेळी मी सोडत नव्हते.

तिसऱ्या झटक्याला पट्टा सुटला. लोरेटाने पर्लला ओढून बाहेर काढले, मागून कवेत घेतले, मूठ पोटावर ठेवून आत आणि वर दाबली. एकदा. दोनदा. पाच वेळा. सहाव्या वेळी एक गोल चकती फरशीवर पडली आणि पर्लने असा टाहो फोडला की सारे दुकान उभे राहिले. हर्शेलआजोबा भांड्याच्या आवाजाने वळले होते, पण काय घडले ते त्यांना आत्ता कुठे कळत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधीचे हसू अजून तसेच राहून गेले होते.

पर्लला इस्पितळात नेले आणि संध्याकाळी घरी सोडले. तिला काही झाले नाही. झाले ते इतरांना.

दुसऱ्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. लोरेटाला माझ्याशेजारी उभे करून त्याने फोटो काढला. मेटोने ती बातमी चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगली. लोक येत, लोरेटाचा हात हातात घेत, मला बोट लावून बघत. "हीच का ती खुर्ची?" माझे एवढे नाव कधी झाले नव्हते. पण माझ्यात मूल बसवायला कोणी तयार होईना. "नको, तिच्यात नको," आया म्हणत आणि बाळाला मांडीवर घेत.

हर्शेलआजोबा शनिवारी एकटे येऊ लागले. तेच टेबल, तीच वेळ. जोनेलने पर्लला त्यांच्याकडे ठेवणे बंद केले होते. एका शनिवारी त्यांनी स्वतःच लोरेटाला सांगितले, कॉफीत चमचा फिरवत.

"जोनेल म्हणाली, माझ्या वेळी तुम्ही घरी नव्हता. पर्लच्या वेळी समोर होता आणि तरी नव्हता."

"रागाच्या भरात बोलली असेल," लोरेटा म्हणाली.

"रागात बोलली. पण खोटं बोलली नाही."

लोरेटा तिथून निघून गेली. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कॉफी ओतताना तिने कधी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. तिची थट्टामस्करी थांबली. मुलांची ताटे ती मेटोला करायला लावू लागली. एकदा भर दुपारी ती म्हणाली, "मेटो, ते भिंतीवरचं काढ."

"का? लोक बघायला येतात ते."

"काढ म्हणते ना!"

मेटोने खांदे उडवले. चौकट तिथेच राहिली.

मला कारण ठाऊक होते. कारण बाकी सगळ्यांची नजर पर्लवर असताना माझी फरशीवर होती. ती चकती लोरेटाने उचलली होती. क्षणभर ती तळहातावर घेऊन बघत राहिली आणि मग रुमालात गुंडाळून खिशात टाकली. चकतीच्या आकाराचाच घसा असतो लहान मुलाचा. ते तिला तेव्हा कळले.

डिसेंबरात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, जोनेल आली. हातात काचेचे मोठे भांडे, त्यात पीचच्या फोडींवर कणकेचा थर देऊन घरी भाजलेला गोड पदार्थ. तिने ते काउंटरवर ठेवले आणि लोरेटाला मिठी मारली.

"आधीच यायला हवं होतं मी. तुमच्यामुळे माझी पोर आहे."

लोरेटाचे हात खालीच राहिले. "बस," ती म्हणाली. जोनेल बसली नाही. मग लोरेटा उभ्यानेच बोलली.

"सॉसेज मी कापलं होतं. गोल. तुझ्या वडिलांनी हातही लावला नव्हता. उभं चिरून बारीक केलं असतं, तर अडकलं नसतं. तिला न्यायला आलेल्या इस्पितळाच्या माणसाने मला त्याच दिवशी सांगितलं."

"त्याच दिवशी?" जोनेलचा आवाज बदलला. "आज महिना झाला. मी बाबांना काय काय बोलले, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. त्यांनी सांगितलं मला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

लोरेटाने चष्मा काढला. "पेपरात फोटो आला होता ना. सगळे चांगलं म्हणत होते. आवडलं मला ते. मला कोणी कधी तसं म्हटलं नव्हतं."

जोनेल दाराकडे गेली. दार उघडले, थबकली, परत आली, काउंटरवरचे भांडे उचलले आणि घेऊन गेली.

मेटो तव्याजवळून म्हणाला, "कशाला बोललीस? विसरून गेले असते लोक."

"तो म्हातारा विसरणार होता का?"

बऱ्याच वेळाने मेटो गरम पाण्याचे भांडे आणि पेचकस घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. बक्कल खोलून त्याने आतली वर्षानुवर्षांची घाण टूथब्रशने घासून काढली. मग ते घासलेले बक्कलही कचऱ्यात टाकले आणि नवे बसवले. नंतर उठून त्याने भिंतीवरची चौकट उतरवली. हे सगळे करताना त्याने एकदाही लोरेटाकडे पाहिले नाही. माझ्याजवळ तोंड आणून एवढेच पुटपुटला, "दोन वर्षं. दोन वर्षं बदलतो बदलतो म्हणत होतो."

शनिवारी हर्शेलआजोबा आले तेव्हा लोरेटा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. शिव्या खायला उभे राहावे तशी.

"जोनेलने सांगितलं," ते म्हणाले. 

"मग बोला काय बोलायचं ते."

आजोबांनी टोपी टेबलावर ठेवली. "कापलंस तू. कबूल. पण पाठ माझी होती, लोरेटा. ती कोणाच्या नावावर घालू?" मग ते म्हणाले, "कॉफी आण. आणि आणशील तेव्हा माझ्याकडे बघ. महिनाभर तू टेबलाला कॉफी पाजते आहेस."

मार्चमध्ये, रस्त्याकडेचे बर्फ काळे पडले होते तेव्हा, एका शनिवारी अकरा वाजता दार उघडले आणि तिघे आत आले. जोनेल, हर्शेलआजोबा आणि दोघांच्या मध्ये पर्ल. जोनेलने कामावरून रजा घेतली होती. बसण्याआधीच तिने वडिलांना सांगितले, "मी बरोबर असेन तेव्हाच. एकटे नाही. अजून नाही."

"बरं," आजोबा म्हणाले.

जोनेलने माझा पट्टा दोनदा लावून, दोनदा उघडून पाहिला. मग पर्लला उचलून माझ्यात बसवले. किती महिन्यांनी मला कोणाचे तरी वजन जाणवले! लोरेटाने ताट आणले. सॉसेज उभे चार फाकांत चिरून मग बारीक तुकडे केलेले. तिने ते पर्लसमोर न ठेवता आधी जोनेलसमोर धरले. जोनेलने तुकडे बोटाने वेगळे करून नीट पाहिले आणि मान हलवली. दोघी एकमेकींशी हसल्या नाहीत. पण ताट परतही गेले नाही.

हर्शेलआजोबांनी स्वतःसाठी कोनी मागवली होती. ती समोर तशीच पडून होती. ते खुर्ची पूर्ण वळवून पर्लसमोर बसले होते आणि तिच्या तोंडातल्या प्रत्येक घासाकडे बघत होते. ती चावे तेव्हा त्यांचाही जबडा हले.

"आजोबा, तुम्ही खा ना," पर्ल म्हणाली.

"खातो हं. आधी तू गीळ."

पर्लने गिळले आणि तोंड एवढे मोठे उघडले की पडजीभ दिसली. "गिळलं!"

दुसरा घास. पुन्हा आ. "गिळलं!" तिला तो खेळच वाटला. प्रत्येक घासाला ती तोंड उघडून आजोबांना दाखवत होती आणि आजोबा वाकून, अगदी मन लावून, आत बघत होते. सातव्या-आठव्या घासाला जोनेलने तोंड दुसरीकडे फिरवले आणि टेबलावरचा कागदी रुमाल घेऊन डोळ्यांना लावला. तेवढ्यात माझ्या दांडीवर टाच पडली. ठक-ठक.

मित्रांनो, माझे रोगण उडाले आहे आणि एक पाय किंचित हलतो. त्याबद्दल मी काही मागत नाही. तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, तर त्याचा घास उभा चिरा, बारीक करा. त्याच्या खुर्चीचे बक्कल आजच उघडून बघा. आणि ते खात असेल तोवर आपले तोंड त्याच्याकडे ठेवा. कोणी कितीही छान हाक मारली तरी म्हणा, थांब जरा, आमचे गिळून होऊ दे.