कोऱ्या चिठ्ठीची पुस्तकं

सुकत आलेली जांभळी शाई.

गळ्यात मापाची फीत घातलेला एक माणूस. हातात कात्री नाही.

सुतळीने तोंड आवळलेली सात पोती.

खाटेवरची एक बाई मान हलवते. नाही. नाही. नाही.

"उद्या या."

मित्रांनो, हे तुकडे जोडायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच जोडतो. मी वाचनालयातला तारखेचा जुना शिक्का. लाकडी मूठ, पितळी चौकट आणि आत रबराचे तीन पट्टे: दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावर बाराच वर्षं असतात. माझ्या पट्ट्यावरचं शेवटचं वर्ष आता चालू आहे.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका साच्यातून निघाले. कुणी टपालात गेला, कुणी कचेरीत. मी पुस्तकांत आलो आणि स्वतःला भाग्यवान समजलो. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी निघालं की परतीची तारीख मी तिच्यावर उमटवायचो. ठप्प! सगळे म्हणत, "काय सुबक उठतो हो!"

माझी मूठ ग्रंथपालबाईंच्या हातात असे. बाई कुणालाही, "काय आवडतं?" असं विचारत नसत. "कुठलं अर्धवट टाकलंत ते सांगा," म्हणत. "आवडीबद्दल माणूस थापा मारतो. टाकलेल्याबद्दल खरं बोलतो." एकदा एक जण ऐटीत म्हणाला, "बाई, सगळ्यात जाडजूड काढा." बाई म्हणाल्या, "डोक्यात घ्यायचंय की डोक्याखाली?" आणि त्याला शंभर पानांचं एक पुस्तक दिलं. आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याची ऐट उतरली होती.

पण एक गोष्ट मला सलायची. कपाटातल्या उत्तम पुस्तकांना बाई मला शिवूच देत नसत. "तारीख पडली की माणूस पानं मोजतो," म्हणायच्या. "हे पुस्तक संपेल तेव्हा आणा." मी शाईच्या उशीवर पडून जळफळायचो. त्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. कोणतं कुणाला दिलं, कशानंतर काय द्यायचं, हे सगळं बाईंच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही.

शिंपीकाका आले तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. दुकान उघडं असे, पण हात चालत नव्हता. बाईंनी त्यांना आधी एक हसवणारं पुस्तक दिलं. दुसऱ्यानंतर काकांनी सुई ओवली. तिसऱ्यानंतर बटणं लावू लागले. चौथं नेताना म्हणाले, "कापड कापायला अजून धीर होत नाही, बाई."

"अजून एक आहे. ते वाचा, मग बघू."

"'ते' म्हणजे कुठलं?"

"आधी हे संपवा. घाईत घातलेला टाका उसवतो, हे मी तुम्हाला सांगायचं?"

'ते' मी ओळखत होतो. कण्याला निळ्या कापडाची पट्टी लावलेलं, साधंसं. एका दुपारी ते हातात घेऊन बाई पुटपुटल्या होत्या, "हे शिंप्यांना. पण सगळ्यात शेवटी."

मग एका संध्याकाळी बाई जिन्यात कोसळल्या. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवा हातही.

त्यांच्या खुर्चीवर नवे साहेब आले. त्यांना वाईट म्हणू नका, मित्रांनो. वरून हुकूम होता: जागा करा. पाच वर्षांत चिठ्ठीवर तारीख नसेल, ते पुस्तक रद्द. साहेबांनी चिठ्ठ्या तपासल्या. पानांचे कोपरे तपासले असते, तर शेकडो बोटांनी ते मऊ झालेले दिसले असते.

आणि माझी इच्छा पुरी झाली. त्या उत्तम पुस्तकांना शिवायला मिळालं. कोऱ्या चिठ्ठीवर पहिली आणि शेवटची तारीख, रद्द केल्याची. ठप्प. मागच्या खोलीत पोती भरत गेली.

शिंपीकाका आले.

"नाव काय पुस्तकाचं?" साहेब.

"नाव नाही माहीत. बाई 'ते' म्हणायच्या."

"काका, इथे सगळीच 'ती' आहेत. हे न्या. याची चिठ्ठी तीनदा बदलली, इतकं चालतं."

दुसऱ्या दिवशी काकांनी ते परत ठेवलं. "कापड बरं आहे, साहेब. माप माझं नाही."

मग काकांना युक्ती सुचली. रोज कपाटातलं एक पुस्तक न्यायचं, खाटेवरच्या बाईंना दाखवायचं. "दहा द्या ना एकदम," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "नियम एकाचा." रोज सकाळी काका परत येऊन सांगत, "आजही मान हलवली. नाही म्हणाल्या." रोज मी त्यांच्या नव्या पुस्तकावर तारीख मारी आणि उरलेला दिवस मागच्या खोलीत. तिसऱ्या पोत्याच्या वेळी निळ्या पट्टीचं 'ते' पुस्तक माझ्याखाली आलं. मी शाई आखडून धरली. साहेबांनी मला पुन्हा उशीवर दाबलं आणि जोराने आपटलं.

अकराव्या दिवशी काका नेहमीपेक्षा उशिरा, उन्हं कलताना आले. टेबलाशी थबकले. "साहेब, एक आठवलं. बाईंनी दिलेल्या चारही पुस्तकांवर तारीख नव्हती. चांगल्या पुस्तकांवर त्या मारायच्याच नाहीत."

साहेबांचा हात हवेतच थांबला. त्या हातात मी होतो.

"कोऱ्या चिठ्ठीची?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. कुठे ठेवलीत ती?"

मागच्या खोलीत फरशीवर नुसते सुतळीचे तुकडे पडले होते. पोती त्याच दुपारी लगद्याच्या कारखान्यात गेली होती. साहेब अनवाणी धावले. दिवेलागणीला परतले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कागदाचा ओला लगदा लागला होता.

आता कपाटातली प्रत्येक चिठ्ठी माझ्या शाईने भरलेली आहे. लोक येतात, पुढचं दिसेल ते उचलतात. शिंप्याच्या दुकानात बटणं लावून मिळतात, कापड कापून मिळत नाही.

मित्रांनो, जाणतं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या. आणि जाणत्यांनो, तुम्हाला ठाऊक असेल ते कुठेतरी लिहून ठेवा, मोडक्या अक्षरात का होईना. माझ्यासारख्याला सगळं ठाऊक असतं, पण उमटते ती फक्त तारीख.

बाई जिन्यात कोसळल्या त्याच दिवशी सकाळी शिंपीकाका चौथं पुस्तक संपवून आले होते. दोन पुस्तकांमध्ये एक दिवस रिकामा ठेवायची बाईंची पद्धत होती, म्हणून त्या म्हणाल्या, "उद्या या."